अमेरिकेत वकिलाची सनद कोण रद्द करतं? अशिलाच्या पैशांवरून बदललेले दोन राज्यांचे नियम

अमेरिकेत एखाद्या बड्या वकिलाची सनद रद्द झाली की बातमीत बहुतेक वेळा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचं नाव येतं. वॉशिंग्टनमधलं सर्वोच्च न्यायालय ते हे नव्हे. वकिलीचा परवाना तिथे प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देतं आणि बहुतेक राज्यांत तो काढून घेण्याचा अंतिम अधिकार त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे असतो. न्यूयॉर्कचा अपवाद गोंधळात टाकणारा आहे. तिथलं 'सुप्रीम कोर्ट' हे खालचं, खटले चालवणारं न्यायालय आहे. वकिलांवरची कारवाई त्याच्याच अपील विभागाकडे असते. न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी यांची सनद २ जुलै २०२४ रोजी याच विभागाने रद्द केली.

शिक्षा ताकीद, काही काळ निलंबन किंवा सनद रद्द अशा चढत्या क्रमाने असतात. त्यातला सगळ्यात गंभीर गुन्हा म्हणजे अशिलाच्या पैशाला हात लावणं. नुकसानभरपाईची रक्कम आधी वकिलाच्या ट्रस्ट खात्यात जमा होते आणि तिथून अशिलाकडे जाते. हे खातं वकिलाच्या नावावर असलं तरी त्यातला पैसा त्याचा नसतो. सगळा घोळ इथेच होतो.

न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये 'विल्सन' प्रकरणात कडक भूमिका घेतली. अशिलाचा पैसा जाणूनबुजून वापरला तर सनद जाणार. पैसे परत केले, घरची अडचण होती, आजवरची कारकीर्द स्वच्छ होती, यातलं काहीही सहसा कामी येणार नाही. शिवाय या राज्यात गेलेली सनद कायमची जात असे. बहुतेक राज्यांत काही वर्षांनी पुन्हा अर्ज करता येतो, तो मार्गही इथे बंद होता.

२०२२ मध्ये याच न्यायालयासमोर एक वेगळं प्रकरण आलं. हिशेबतपासणीत एका वकील महिलेने ट्रस्ट खात्यातले पैसे तात्पुरते वापरल्याचं उघड झालं. तिने ते कबूल केलं. रक्कम परत भरलेली होती, एकाही अशिलाचं नुकसान झालं नव्हतं. तरीही न्यायालयाने सनद रद्दच केली. मात्र ही शिक्षा जन्मभराची असावी का, हे तपासण्यासाठी समिती नेमण्याचं त्याच निकालात ठरवलं. त्यानंतर २०२४ मध्ये नियम बदलला. आता पाच वर्षांनी पुन्हा अर्ज करता येतो. आपण सुधारलो आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची.

कॅलिफोर्नियात नेमकं उलटं घडलं. टॉम जिरार्डी हे तिथलं मोठं प्रस्थ. 'एरिन ब्रोकोविच' या चित्रपटामागचा ३३.३ कोटी डॉलरच्या तडजोडीचा खरा खटला लढवणाऱ्या वकिलांपैकी ते एक. २०१८ च्या लायन एअर विमान अपघातात १८९ जण मरण पावले. त्यातल्या काही कुटुंबांना मिळालेली किमान २० लाख डॉलरची भरपाई त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नसल्याचं डिसेंबर २०२० मध्ये शिकागोच्या संघीय न्यायालयात समोर आलं. २०२२ मध्ये कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालयाने जिरार्डी यांची सनद रद्द केली. त्याच वर्षी स्टेट बारने जाहीर केलं, की चार दशकांत त्यांच्याविरुद्ध २०५ तक्रारी आल्या होत्या. इतक्या तक्रारी असूनही त्यांच्या नावावर एकही जाहीर शिस्तभंगाची कारवाई नव्हती. जून २०२५ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यात त्यांना सात वर्षं तीन महिन्यांची कैद झाली.

यानंतर कॅलिफोर्नियाने १ ऑगस्ट २०२३ पासून नवा नियम लागू केला. सहकारी वकील अशिलाचा पैसा लाटत असल्याची खात्रीशीर माहिती असेल, तर ती कळवणं बंधनकारक झालं. वकिलांमध्ये त्याला 'चहाडीचा नियम' असंच म्हणतात!

भारतात ही रचना वेगळी आहे. वकील अधिनियम १९६१ नुसार कारवाईचा अधिकार राज्य बार कौन्सिलकडे असतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी दोघांची मिळून एकच कौन्सिल आहे. तिच्या निर्णयाविरुद्ध आधी बार कौन्सिल ऑफ इंडिया आणि मग सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं. न्यायालयाचा अवमान झाला म्हणून आपण थेट सनद निलंबित करू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्वतःच स्पष्ट केलं आहे. त्यामुळे वकिलाने पैसे अडकवले असतील, तर लेखी तक्रार राज्य बार कौन्सिलकडेच करावी लागते.