पहिल्याच आठवड्यात चारदा मार

आधी खिसे रिकामे करा. तो वीतभर फोन इथंच राहू द्या, तिकडं त्याला कुणी विचारत नाही. त्याऐवजी हा नोकियाचा ठोकळा घ्या. आत अठरा रुपये शिल्लक आहेत, म्हणजे आठवडाभर फक्त मिस्ड कॉल. पायात रबरी स्लीपर. डावीच्या पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली आहे, जपून चाला. वय एकोणीस. घर ओव्यात, खारघरच्या डोंगराजवळ. साल २००८, एप्रिलचा तिसरा रविवार, दुपारचे तीन.

टोचलं ना पायाला? भाताची धसकटं ती. भात निघून पाच महिने झाले तरी त्यांचा इंगा उतरलेला नाही. तुम्ही शेतात उभे आहात, आणि शेताचं मैदान झालंय. मधली पट्टी पोरांनी पाणी मारून, धुम्मस आपटून शहाबादी फरशीसारखी केली आहे. बाकी सगळी भेगाळलेली माती. चेंडू भेगेत शिरला की फिल्डर गुडघ्यावर बसून उंदीर शोधल्यासारखा हात घालतो, आणि तोवर फलंदाज तीन रन पळतात. पलीकडं सिडकोच्या सेक्टरांतल्या अर्धवट इमारती, त्यांच्या परांच्या, सिमेंटचा धुरळा. नाकात तो धुरळा, तोंडात मीठ लावलेली कैरी आणि कानात कर्णा. कर्ण्यामागचा माणूस दोन तास श्वास न घेता बोलतोय. त्याच्या लेखी प्रत्येक चेंडू ऐतिहासिक.

इथं टीम म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. टीम म्हणजे गाव. मामाच्या गावाशी सामना असला तर मामा समोरच्या मांडवात बसलेला असतो आणि तुमचा त्रिफळा उडाला की सगळ्यात मोठ्यानं तोच ओरडतो. रात्री पुन्हा त्याच्याच ताटात जेवायचं. बक्षीस कधी फ्रिजचं, कधी बोकडाचं. बोकड बरा. फ्रिज अकरा जणांत वाटता येत नाही.

आज रात्रीची भानगड मात्र वेगळी आहे. आज ‘मुंबई’ खेळणार. रणजीवाली नव्हे, ती तर आपल्याला पाठ आहे. ही नवी, लिलावात बोली लावून जमवलेली. खेळाडूंना भाव लागतो, हे फेब्रुवारीत गावानं टीव्हीवर पाहिलं तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांना बैलबाजाराची आठवण झाली होती. फक्त इथं दात बघितले नाहीत म्हणे.

रात्री आठ. शेजारच्या आळीत हळद आहे. नवऱ्या मुलाच्या अंगाला तेल-हळद चोळली जातेय, धवलारीण संथ सुरात धवले गातेय. मांडवामागं मटणाच्या वाटणाचा वास असा दाटलाय की नुसता श्वास घेतला तरी भाकरी आठवावी. बेंजोवाले वाद्यं लावतायत, जनरेटरचा डिझेलचा धूर पायांत घोटाळतोय. आणि या सगळ्याच्या मधोमध ओट्यावर एक एकवीस इंची टीव्ही मांडलाय. निम्मे वऱ्हाडी टीव्हीला तोंड करून बसलेत, नवऱ्याकडं पाठ. नवरासुद्धा मान तिरकी करून बघतोय.

पडद्यावर वानखेडे. निळ्या कपड्यांतली माणसं मैदानात उतरतात आणि तुमच्या पोटात काहीतरी गोंधळतं. सलामीला कोण? सनथ जयसूर्या! भारताविरुद्ध एकाच डावात ३४० धावा कुटणारा, ज्याच्यापायी तुमच्या थोरल्या भावानं, म्हणजे दादूसनं, लहानपणी रेडिओ आपटला होता, तो आज आपला. आणि ज्या द्रविडसाठी नवस बोलला होतात तो समोरून, बेंगळुरूचा कप्तान. ज्याच्यासाठी सगळे बसलेत तो सचिन जांघेच्या दुखण्यानं बाहेर, साध्या कपड्यांत. कॅमेरा त्याच्याकडं वळला की हळदीतली निम्मी माणसं उगाचच टाळ्या पिटतात. मधेच परदेशी पोरी झुरमुळ्या उडवत नाचतात. आजी डोळ्यांवर हात धरून नीट बघते आणि विचारते, “या पोरी दमत नाय का रं?”

मुंबईचे १६५ होतात. बरे वाटतात. बेंगळुरूवाले दोनच दिवसांपूर्वी कोलकात्यासमोर ८२ वर आटोपले होते, तेव्हा आज काय करणार? करतात. मार्क बाउचर नावाचा यष्टिरक्षक शेवटी उभा राहतो आणि दोन चेंडू शिल्लक असताना सामना काढून नेतो. क्षणभर मांडवात शांतता. मग कुणीतरी बेंजोवाल्यांना खूण करतो. तुम्ही ताट घेता, भाकरी मोडता आणि शेजारच्याला म्हणता, “हरले मुंबईवाले.”

हरले. ते. हा शब्द ध्यानात ठेवा.

बुधवारी चेन्नई. हा त्याहून अवघड पेच. सात महिन्यांपूर्वी ज्या धोनीनं वीस षटकांचा विश्वचषक आणला, ज्याच्यासाठी तुम्ही रात्री रस्त्यावर फटाके लावलेत, तो समोर. त्याच्या टीमचे २०८. मॅथ्यू हेडन एकटाच ८१. तुमच्याकडं घरात उकाडा, पंख्याची घरघर, सुकट भाजल्याचा वास भिंतींना चिकटलेला. मुंबई पाठलागाला निघते आणि ऐन रंगात वीज जाते.

घाबरू नका, सोय आहे. पनवेलला राहणारा मित्र आणि तुमच्यात करार झालेला आहे. एक रिंग म्हणजे चौका, दोन म्हणजे छक्का, तीन म्हणजे विकेट. फुकटात समालोचन. तुम्ही अंगणात खाटेवर बसता, ठोकळा तळहातावर. वर तारे, डोंगराकडून येणारा कोमट वारा, कानाशी डास. आजी पुठ्ठ्यानं वारा घालतेय. फोन वाजतो: एक. वाजतो: दोन. पुन्हा दोन! अख्खी आळी तुमच्या खाटेभोवती गोळा होते. कोण मारतोय ते रिंगेतून कळत नाही (तो अभिषेक नायर होता, २० चेंडूंत ४५, हे दुसऱ्या दिवशी पेपरात). अंधारात वीसेक माणसं एका हिरव्या पडद्याकडं श्वास रोखून बघतायत. मी पुष्कळ स्टेडियमांत बसलो आहे, इतकी शांतता कुठं ऐकली नाही.

मग फोन वाजायचा थांबतो. एक मिनिट. पाच मिनिटं. हरलो तर किती रिंगा, हेही करारात होतं: एकही नाही.

सहा धावा कमी पडल्या. दादूस खाटेवरून उठतो, लुंगी झटकतो आणि म्हणतो, “सहा रननी गेलो रं.” गेलो. तो आत जाऊन झोपतो. त्याच्या तोंडून काय निघालं ते त्याच्या ध्यानातही नाही.

शुक्रवारच्या मोहालीबद्दल फार सांगत नाही. ६६ धावांनी हरलो, आणि कुमार संगकारा आपल्याकडं का नाही यावर अर्धा तास वाद झाला. सामना संपल्यावर टीव्हीवर श्रीशांत ढसाढसा रडताना दिसला. आपल्याच हरभजननं त्याला थोबाडीत दिली होती. कट्ट्यावर दोन तट पडले. पण एका मुद्द्यावर एकमत होतं: गावच्या टुर्नामेंटला असं झालं असतं तर दोन्ही टीमच्या आयांनी मैदानात येऊन मिटवलं असतं.

आणि आता रविवार, २७ एप्रिल. उठा, आंघोळ करा. आज सामना नेरूळला आहे, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. खारघरहून चौथं स्टेशन... नाही, तिसरंच. बेलापूर, सीवूड्स, नेरूळ. जागतिक क्रिकेट तीन स्टेशनांवर येऊन ठेपलंय आणि दादूसकडं दोन तिकिटं आहेत. कुठून आणली ते विचारू नका.

मोटरसायकलवर ट्रिपल सीट खारघर स्टेशनपर्यंत. मधे बसलात ना? मग पुढच्याच्या घामाचा आणि मागच्याच्या पावडरचा वास एकत्र येणारच. स्टेशनवर कूपन काढून मशीनमध्ये दाबा, खटॅक. लोकल आली की दारातच उभं राहा. आत निळ्या टी-शर्टांचा लगदा झालाय, कुणी गालावर निळ्या रेघा ओढल्यात आणि घामानं त्या हनुवटीपर्यंत उतरल्यात. लोखंडी दांडा उन्हानं तापलेला, हात ठेवून बघा. खाडीचा खारट, कुबट वारा तोंडावर बसतो आणि डब्यात पुंग्या सुरू होतात.

नेरूळला उतरल्यावर वाट विचारायची गरज नाही, गर्दीच नेते. कडेला बर्फाचे गोळे, लिंबू सरबत, पेपरात गुंडाळलेले वडापाव, वाऱ्यावर फडफडणारे झेंडे. फाटकावर अंगझडती. नाणी काढा. पाण्याची बाटली ठेवा. डबा उघडा. आईनं बांधून दिलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी बघून तपासणारा माणूस जरा थबकतो, वास घेतो. जेवलेला नसावा बिचारा. डबा आत जाणार नाही, असं तो म्हणतो खरा, पण ‘इथंच खाऊन घ्या’ असंही म्हणतो. तुम्ही फाटकापाशी उभ्यानं खाता. अर्धी भाकरी त्याला.

मग जिना. अंधारा, सिमेंटचा, गार. आणि वर पोचलात की एकदम ते हिरवं. बघा, घाई करू नका. तुम्ही आयुष्यभर मातीत खेळलात, इतकं हिरवं एप्रिलमध्ये असू शकतं हे तुम्हाला माहीत नव्हतं. स्टेडियम नवं कोरं आहे, मार्चमध्येच उद्घाटन झालंय, खुर्च्यांना अजून प्लॅस्टिकचा वास येतोय. पन्नास हजारांवर माणूस मावतं, म्हणजे आपली किती गावं ते तुम्हीच मोजा. दादूस मात्र वर बघतोय. छत पुढं झेपावलंय आणि खाली एकही खांब नाही. “एवरा मोठा मांडव,” तो म्हणतो, “आन् मेढ एक पन नाय!”

हरभजन आज नाही, कप्तान शॉन पोलॉक. सचिन आजही बसलेला. ‘सच्चिन, सच्चिन’ ची लाट एका टोकाकडून निघते, तुमच्या बाकड्याखालून थरथरत जाते आणि पलीकडं आदळते. तुमचा घसा दहाव्या षटकालाच बसतो. मुंबई ७ बाद १५४. समोर हैदराबादची डेक्कन चार्जर्स, तोवर एकही सामना न जिंकलेली. दादूस हात चोळतो. आज आपलाच दिवस.

मग ॲडम गिलख्रिस्ट येतो.

हे टीव्हीवर कळत नाही, म्हणून तर तुम्हाला इथवर आणलं. बॅटचा आवाज आधी येत नाही, आधी चेंडू दिसतो, वर, आणखी वर, छताच्या कडेला लागेल असा, आणि मग तो टोक्क असा आवाज. खालच्या रांगेत माणसं डोकी धरून वाकतात. दहा षटकार. ४२ चेंडूंत शंभर. दुसऱ्या टोकाला लक्ष्मण मंदिरात फुलं वाहावीत तसा सावकाश एकेक धाव काढतोय. पहिल्या तीन षटकारांना शिव्या. पुढच्या दोनांना चिडीचूप. त्यानंतर काहीतरी बिघडतं आणि पब्लिक टाळ्या वाजवू लागतं. तुम्हीसुद्धा. दादूस डोळे वटारतो, मग तोही. मराठी माणूस मार खाताना दाद देतो, ही खोड की गुण ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बारा षटकांत १५५, एकही गडी न गमावता. आठ षटकं शिल्लक. विकत घेतलेल्या सरबताचा बर्फही वितळला नव्हता.

परतीच्या लोकलमध्ये पुंग्या नाहीत. गालांवरच्या निळ्या रेघा हातरुमालानं पुसल्या जातायत. कुणीतरी म्हणतं, सचिन आला की बघा. कुणीतरी म्हणतं, नेहराला वरून टाकायला हवं होतं. दोन अनोळखी माणसं दारात उभी राहून, घरचं भांडण असावं तशी, पोलॉकच्या फिल्डिंगवरून भांडतायत, आणि तुम्ही तिसरे म्हणून त्यात पडता. “आपलं चुकलं कुठं सांगू का?” असं तुमचं वाक्य सुरू होतं आणि थेट खारघरपर्यंत संपत नाही.

आजी ओट्यावरच बसलेली. “कोन जिंकलं?”

“हरलो.”

“परत?” आठवडाभरात चौथ्यांदा. ती उठून तुमच्यासाठी पाणी आणते, कुणी मयताहून आल्यावर आणावं तसं.

मंगळवारी रात्री वीज नेहमीच्या वेळेला गेली. तुम्ही दुसऱ्या आळीत हळदीच्या पंगतीला रस्सा वाढत होतात, एका हातात बादली, दुसऱ्यात पळी. तिकडं कोलकात्यात मुंबई सात गडी राखून जिंकली, आणि त्यानंतर सलग पाच सामने आणखी. पण ते पुढचं. आत्ता फक्त खिशात फोन वाजतोय. थांबतो, पुन्हा वाजतो, पुन्हा. जिंकलो तर किती रिंगा द्यायच्या, हे तुम्ही दोघांनी ठरवलंच नव्हतं.