आवाज थोपवून धरण्याची गोष्ट

मोठ्या मैदानावरच्या सभेत मागे बसलेल्यांना भाषण ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. आवाज वाढवला तरी फरक पडत नाही. कारण दोष पुष्कळदा आवाजाच्या मोठेपणात नसून वेळेत असतो. जाहीर कार्यक्रमासाठी ‘इफेक्ट प्रोसेसर’ निवडताना आपले लक्ष आवाज घुमवण्याच्या करामतींकडे जाते. परंतु सभेचा प्रश्न सोडवला तो अशा यंत्राच्या एका साध्या गुणाने: आवाज क्षणभर थोपवून धरण्याच्या.

तारेतून विद्युतसंकेत जवळजवळ तत्काळ पोचतो. हवेतून ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. समजा, व्यासपीठापासून ६० मीटरवर दुसरा स्पीकर लावला. त्याच्याजवळच्या श्रोत्याला त्या स्पीकरमधला शब्द आधी ऐकू येईल आणि व्यासपीठाकडून येणारा तोच शब्द सुमारे १७५ मिलिसेकंद उशिरा. एकाच शब्दाच्या अशा दोन प्रती एकमेकींना पुसून टाकतात.

मग किती उशीर कानाला चालतो? जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे हेल्मुट हास यांनी १९४९ साली आपल्या प्रबंधात याचा अभ्यास केला. दुसरा आवाज साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आला, तर कान दोन्ही मिळून एकच आवाज मानतो आणि पहिला ज्या दिशेने आला तीच दिशा खरी धरतो. दुसरा आवाज काहीसा मोठा असला तरीही! बोलण्याच्या बाबतीत अंतर ५० मिलिसेकंदांच्या पुढे गेले, की प्रतिध्वनी जाणवू लागतो.

याचा उपयोग लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस झाला. ही वास्तू रिकामी असताना तिच्यात आवाज बारा सेकंदांच्या आसपास घुमत राहतो. पार्किन आणि टेलर यांनी तेथे उंच, स्तंभासारखे स्पीकर लावले. लांबच्या स्पीकरांना उशीर देण्यासाठी चुंबकीय लेप असलेले फिरते चाक वापरले. त्यावर आवाज एका ठिकाणी नोंदला जाई आणि चाक थोडे फिरल्यावर पुढच्या ठिकाणी वाचला जाई. म्हणजे वेळेचे रूपांतर अंतरात केले होते. पण फिरणारे भाग झिजतात.

पुढचा टप्पा १९७१ सालचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील फ्रान्सिस ली यांनी हृदयाचे ठोके तपासण्याच्या कामासाठी अंकीय पद्धतीने उशीर देणारे मंडल तयार केले होते. त्यातूनच लेक्सिकॉन कंपनीचे ध्वनीसाठीचे यंत्र आले. त्याच वर्षी इव्हेंटाइड कंपनीनेही आपले यंत्र आणले. आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजायचा, त्याचे आकडे करायचे, ते काही काळ साठवायचे आणि पुन्हा आवाज करायचा, हे त्यामागचे तत्त्व. फिरणारा भाग एकही नाही.

२८ जुलै १९७३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे सुमारे सहा लाख लोक संगीत ऐकायला जमले. तेथे व्यासपीठापासून २०० फुटांवरच्या स्पीकरांना ०.१७५ सेकंद आणि ४०० फुटांवरच्या स्पीकरांना ०.३५० सेकंद उशीर देण्यात आला. अंतर दुप्पट, उशीर दुप्पट. आपल्या पाठ्यपुस्तकातले गणित ते हेच!

या इतिहासावरून यंत्र निवडताना काय पाहावे ते कळते. सर्वांत लांबच्या स्पीकरला पुरेल एवढा उशीर त्यात मिळतो का? तो एकेका मिलिसेकंदाने बदलता येतो का? मूळ आवाज पूर्ण बंद करून फक्त थोपवलेला आवाज बाहेर देता येतो का? हे शेवटचे जमत नसेल, तर लांबच्या स्पीकरसाठी ते यंत्र निरुपयोगी. आवाज घुमवण्याची सोय त्यानंतर पाहावी; जे सभागृह स्वतःच घुमते, तेथे ती शब्द आणखीच पुसट करते.

विद्यार्थ्यांना एक गणित द्यावे. ध्वनीचा वेग ०° सेल्सिअसला सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. १२० मीटरवरच्या स्पीकरसाठी दुपारी ३५° ला आणि रात्री २०° ला किती उशीर द्यावा? उत्तरांत सुमारे ९ मिलिसेकंदांचा फरक येईल. दुपारी नीट जुळवलेली यंत्रणा रात्रीच्या कार्यक्रमापूर्वी पुन्हा का तपासावी लागते, हे त्यांना त्यातून आपोआप उमजेल.