दूरचित्रवाणी संच संगणकाचा पडदा झाला तेव्हा

१/ सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, महाराष्ट्राच्या अगदी कडेला, अक्कलकोट तालुक्यातील दुधनी वसले आहे. पलीकडे कर्नाटकाचा गुलबर्गा (आजचा कलबुरगी) जिल्हा. १ ऑगस्ट १९७५ रोजी या सीमेला एक नवाच अर्थ प्राप्त झाला. उपग्रहाद्वारे खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणी पोहोचवणारा ‘साइट’ प्रयोग त्या दिवशी सुरू झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामूहिक संच बसले. त्यांत गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे जिल्हे होते. महाराष्ट्र मात्र त्या सहा राज्यांत नव्हता.

२/ या प्रयोगातली खरी गंमत संचात नसून त्याच्या शेजारी होती. जाळीची तीन मीटर व्यासाची थाळी उपग्रहाचा संकेत टिपत असे आणि एक पेटी त्याला संचाला कळेल असे रूप देत असे. संच बिचारा साधाच. संकेत मुंबईच्या मनोऱ्यावरून आला, आकाशातून आला की शेजारच्या पेटीतून, याची तो चौकशी करत नाही. घरगुती संगणकाचा सारा इतिहास या भोळेपणावर उभा आहे.

३/ ‘साइट’साठी संच पुरवणाऱ्या हैदराबादच्या ईसीआयएलने १९६९ मध्येच ‘टीडीसी-१२’ हा संगणक घडवला होता. म्हणजे दूरचित्रवाणी आणि संगणक एकाच कंपनीत नांदत होते, पण त्यांची गाठ पडली नव्हती. त्या काळी संगणकाशी संवाद बहुधा टेलीटाइपवर, म्हणजे कागदावर चाले.

४/ ही गाठ घातली स्वस्ताईने. संगणकातील सर्वांत महाग भागांपैकी एक म्हणजे पडदा. आणि तो तर घरोघरी आधीच येऊन बसला होता! १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आलेला सिंक्लेअरचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ १२५ पौंडांपासून मिळू लागला, कारण त्यासोबत पडदा नव्हताच. आतला मॉड्युलेटर चित्राचा संकेत यूएचएफ वाहिनी ३६ च्या आसपास सोडत असे. संगणक जणू दोन हात लांबीच्या तारेपुरते प्रक्षेपण केंद्र होऊन बसे आणि संच त्याला केंद्र समजून चित्र दाखवी.

५/ भारताच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचा योग जुळला. आपण ६२५ रेषांची पद्धत स्वीकारली होती आणि १९८२ मध्ये रंगासाठी ‘पाल’. ब्रिटनचेही तेच. अमेरिकेची ५२५ रेषांची पद्धत निराळी. त्यामुळे ब्रिटिश यंत्रे आपल्याला अधिक जवळची ठरली. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून सुमारे २५० शाळांत गेलेल्या ‘बीबीसी मायक्रो’लाही टीव्हीची जोडणी होतीच. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात ‘डीबी स्पेक्ट्रम’ आणला. अर्थात सोयरीक पूर्ण जुळली नव्हती. केवळ व्हीएचएफ पकडणाऱ्या संचावर वाहिनी ३६ लागणार कशी? ध्वनीची वारंवारताही दोन्ही देशांत वेगळी होती. पण स्पेक्ट्रमचा आवाज त्याच्याच पोटातून येई, म्हणून ते निभावले.

६/ मग टीव्हीवर मजकूर वाचताना डोळे का शिणत? हिशेब सोपा आहे. आपल्या पद्धतीत चित्रासाठी ५ मेगाहर्ट्झ मिळतात आणि एका रेषेचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांत संपतो. एका आवर्तनात एक उजळ आणि एक काळा, असे दोन ठिपके धरले तर एका रेषेत फार तर ५२० ठिपके. कार्यालयीन कामाला ८० अक्षरांची ओळ लागे. आठ ठिपक्यांचे एक अक्षर धरले तर ६४० ठिपके हवेत. म्हणून ‘बीबीसी मायक्रो’च्या टेलीटेक्स्ट पद्धतीत ओळीला ४० अक्षरे होती आणि स्पेक्ट्रमवर ३२. हा संगणकाचा कंजूषपणा नव्हता. संचाचीच कुवत तेवढी होती.

७/ या कुवतीची सर्वांत मोठी किंमत देवनागरीने मोजली. रोमन अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांत कसेबसे मावते. ‘र्की’ लिहायचे तर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, वेलांटीलगत रफार. ‘कृ’ लिहायचे तर खाली चिन्ह. आठ ओळींत हे सारे बसवायचे कोठे? स्पेक्ट्रम वापरणाऱ्याला स्वतःच्या आकाराची चिन्हे सहज घडवता येत, पण ती फक्त २१. मराठीची व्यंजनेच तिसांहून अधिक! घरातील टीव्हीवर हिंदी ‘रामायण’ दिसत होते, मराठी बातम्या ऐकू येत होत्या. त्याच पडद्यावरचा संगणक मात्र रोमन लिपीतच बोलत राहिला.

८/ देवनागरीला वाट मिळाली ती स्वतंत्र मॉनिटर असलेल्या पीसीवर. आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. पीसीत बसवायच्या जिस्ट कार्डाने भारतीय लिप्या पडद्यावर आणल्या आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ हे त्यांचे प्रमाण संकेतन ठरले. याच जिस्ट गटाने पुढे दूरचित्रवाणीवर भारतीय भाषांतील उपशीर्षके उमटवणारी ‘लिप्स’ ही प्रणाली तयार केली. संगणकाची देवनागरी टीव्हीवर आली खरी, पण घरातल्या तारेतून नव्हे, प्रक्षेपण केंद्राकडून.