थ्रेड : प्रत्येक बटणाची माहिती होती, तरी आठवणी का पुसल्या गेल्या?

१/ घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक बटणाचे वर्णन असे. तरीही बाळाच्या पहिल्या पावलांच्या दृश्यावर दुसऱ्या दिवशीची सहल चित्रित होई आणि ती पावले कायमची पुसली जात. दोष केवळ वापरणाऱ्याचा होता का?

२/ १९८३ मध्ये सोनीने ‘बीटामूव्ही’ बाजारात आणला. कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच यंत्रात असलेला हा पहिला घरगुती कॅमकॉर्डर. त्यात केवळ चित्रण करता येई. ते पाहण्यासाठी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालावी लागे.

३/ १९८४ मध्ये जेव्हीसीचा ‘जीआर-सी१’ आला. ‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) या चित्रपटात दिसतो तो हाच. चित्रित केलेले दृश्य आता कॅमेऱ्यातच मागे नेऊन पाहता येऊ लागले. या सोयीबरोबर एक धोकाही आला.

४/ चुंबकीय फीत जेथे थांबली असेल, तेथूनच नवे चित्रण सुरू होते. त्या जागी जुने दृश्य असल्यास ते पुसले जाते. म्हणून दृश्य पाहून झाल्यावर फीत पुन्हा शेवटच्या चित्रणाच्या अखेरीस आणणे अत्यावश्यक असे.

५/ पुस्तिकांची रचना मात्र बहुधा यंत्राला अनुसरून असे : आधी सावधगिरीच्या सूचना, मग भागांची आकृती, मग चित्रण, त्यानंतर दृश्य पाहण्याची रीत. चित्रण एका प्रकरणात, पाहणे दुसऱ्यात. धोका नेमका या दोहोंच्या मध्ये. एका साध्या कामासाठी वाचकाला या पानावरून त्या पानावर जावे लागे.

६/ त्याच दशकात आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरल संगणक शिकणाऱ्यांचे निरीक्षण करत होते. त्यांना दिसले की माणसे पुस्तिका क्रमाने वाचत नाहीत. थेट काम सुरू करतात आणि अडल्यावर उत्तर शोधतात. कॅरल यांच्या छोट्या पुस्तिकेत मांडणी कामांनुसार होती आणि चूक ओळखून सुधारण्यालाही जागा होती. तिच्या आधारे लोक अधिक लवकर शिकले. हा विचार त्यांनी १९९० च्या ‘द न्युर्नबर्ग फनेल’ या ग्रंथात मांडला.

७/ घरगुती चित्रफिती आज इतिहासाची साधने ठरत आहेत. त्यांत एखादे दृश्य मध्येच तुटून भलतेच सुरू झाले, तर त्या खंडाला केवळ निष्काळजीपणा समजू नये. कदाचित आवश्यक सूचना छापलेली होती. ती ज्या क्षणी हवी होती, त्या क्षणी सापडली नाही.