पोलाद कीं हवा?

माझ्या नातवाला डोंगरवाटेची सायकल घ्यावयाची आहे. मागल्या चाकाचा धक्का पोलादी स्प्रिंगेनें झेलावा कीं कोंडलेल्या हवेनें, असें तो मला विचारतो. हा वाद जुना आहे.

१८८५ च्या सुमारास इंग्लंडांत 'व्हिपेट' नांवाची स्प्रिंगेवर तोललेली सायकल निघाली. १८८८ सालीं बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं मुलाच्या तिचाकीसाठीं योजिलेल्या हवेच्या टायरचें पेटंट घेतलें. पुढल्याच वर्षीं विल्यम ह्यूम यांनीं त्या टायरांवर शर्यती जिंकल्या आणि स्प्रिंगांच्या सायकली मागें पडल्या. १९९० सालीं अमेरिकेंतील ड्युरँगो येथें ग्रेग हर्बोल्ड यांनीं उतरणीची जागतिक शर्यत जिंकली, तीही पुढल्या चाकाशीं हवा व तेल भरलेला फोर्क लावून.

मग पोलाद हरलें काय? तसें नाहीं. स्प्रिंग दुप्पट भाराला दुप्पट दबते. लांब उतारावर तिची चाल फारशी बिघडत नाहीं व बारीक खडेही ती हळुवार झेलते. पण ती जड असते, आणि बसणाराचें वजन बदललें तर ती बदलावी लागते. हवेचा दाब पंपानें कमीअधिक करतां येतो. शिवाय बॉइलचा नियम आपण शाळेंत शिकलों आहों : जागा निम्मी झाली कीं दाब दुप्पट. म्हणून हवा शेवटीं शेवटीं ताठ होते. ज्या सायकलीचें मागलें चाक जेमतेम १००-१२० मिलिमीटर हलतें, तिला हा ताठपणाच तळाशीं आदळण्यापासून वांचवितो.

नातवाला मीं सांगितलें : चढउतार मिसळलेल्या वाटेला हवा घे, दगडी उतार हेंच तुझें वेड असेल आणि सायकलीची सांधणी शेवटीं आपोआप ताठ होत असेल, तर पोलाद घे. आधीं वाट पाहा, मग दुकान.