फ्लोट: बगदादपासून बल्लारपूरपर्यंत

चंद्रपूर-गडचिरोलीत राजदूत किंवा यझदी अजून चालवणाऱ्याला मे महिना परीक्षेचा असतो. पारा 45 च्या वर, तेंदूपत्त्याचा हंगाम ऐन भरात, आणि आलापल्लीहून सिरोंच्याकडे निघालेली गाडी जंगलात गुदमरते. मिस्त्री आधी प्लग काढून बघतो. प्लग काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरट भाजल्यासारखा असेल तर कमी. कार्बोरेटरमध्ये कचरा नसेल आणि जेट ठीक असेल, तर पुढचं काम ठरलेलं: पेट्रोलची पातळी बसवणं.

काम दिसायला साधं आहे. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीत उतरतं. वाटीत पोकळ फ्लोट तरंगतो, जुन्या गाड्यांत बहुधा पितळेचा. पेट्रोल चढलं की फ्लोट उचलला जातो आणि टोकदार पिन वाट बंद करते. इंजिनने पेट्रोल ओढलं की फ्लोट खाली येतो, वाट उघडते. पातळी जेटच्या तोंडापेक्षा किंचित खाली राहायला हवी. मिस्त्री वाटीच्या तळाला पारदर्शक नळी जोडतो, ती वर वळवून कार्बोरेटरला टेकवतो आणि नळीतलं पेट्रोल कुठे थांबतं ते बघतो. चुकत असेल तर फ्लोटची पितळी जीभ केसभर वाकवतो. फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल शिरलंय का ते ऐकतो. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवतो. बुडबुडे आले की भोक सापडलं.

केसभर चुकीची किंमत मोठी असते. राजदूत-जावासारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, लिटरमागे साधारण 40 मिलीलिटर. पेट्रोल कमी गेलं तर ऑइलही कमी जातं. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. पुढचं गॅरेज 40 किलोमीटरवर असेल, तर रात्र तिथेच काढावी लागते.

तरंगत्या वस्तूने पातळी राखण्याची कल्पना फार जुनी आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबिओसने ती पाणघड्याळात वापरली. बगदादमध्ये इ.स. 850 च्या सुमारास बनू मूसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन भावांनी, म्हणजे मुहम्मद, अहमद आणि हसन यांनी, ‘किताब अल-हियल’ लिहिली. तिच्यात सुमारे 100 यंत्रं आहेत. फ्लोट, शंकूच्या आकाराच्या झडपा, पाणी काढलं तरी पातळी राखणारी भांडी, सगळं तिथे आहे. अल-जझरीने 1206 मध्ये दियारबकिरच्या दरबारात पुरा केलेल्या ग्रंथातही फ्लोटवर चालणारी घड्याळं आहेत. 1765 च्या सुमारास रशियात पोल्झुनोवने वाफेच्या बॉयलरला फ्लोट लावला. 1893 च्या आसपास जर्मनीत मायबाख आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी तो कार्बोरेटरमध्ये आणला.

हे सांगितलं की आपल्यातले काही जण लगेच म्हणतात, “बघा, कार्बोरेटरसुद्धा आपलाच!” मला हे मान्य नाही. बगदादपासून मायबाखपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. बनू मूसांनीही ग्रीकांकडून घेतलं आणि त्यात भर घातली, हीच त्यांची थोरवी आहे. उलट बाजूने, यंत्र म्हणजे फक्त युरोप असं शिकवणारी पुस्तकंही अर्धीच गोष्ट सांगतात. हजार वर्षांपूर्वीच्या नावांनी छाती फुगवायची आणि आज आपल्याच मोहल्ल्यात हात काळे करणाऱ्याला ‘अनपढ’ म्हणायचं, हे मला जास्त खटकतं.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून गॅरेजमधले शब्द कानात राहतात. ‘दुरुस्ती’, ‘कारागीर’, ‘उस्ताद’, ‘शागीर्द’ फारसीतून आले, ‘मिस्त्री’ पोर्तुगीजांकडून आला, ‘जेट’ आणि ‘चोक’ इंग्रजीतून. गाड्यांचंही तसंच. राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सने 1960 च्या दशकात आणली. जावा झेकोस्लोव्हाकियाची, तिचा म्हैसूरचा कारखाना इराणी कुटुंबाने 1961 मध्ये सुरू केला, आणि 1973 पासून ती यझदी झाली. पण त्या आपल्या कच्च्या रस्त्यांवर टिकल्या त्या इथल्या मिस्त्र्यांमुळे. त्यांत मुसलमान पुष्कळ. मुसलमानांत स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त असल्याचं सच्चर समितीने 2006 मध्ये नोंदवलं होतं. नोकरीचं दार बंद दिसलं की पोरगं पाना हातात घेतं, ही त्या आकड्यांमागची घराघरातली गोष्ट.

म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. पुढे प्रदूषणाच्या नियमांनी टू-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून गेल्या. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर इंजिन पेट्रोलला कमी पडतं आणि तापतं. इथेनॉल पाणी ओढतं, जुनं रबर खराब करतं. म्हणजे जेट बदलून पातळी काटेकोर बसवणारा हात आज पूर्वीपेक्षा जास्त लागतो, आणि नेमके तेच हात म्हातारे होत आहेत.

बनू मूसांची यंत्रं आपल्यापर्यंत पोचली, कारण त्यांनी ती चित्रांसह लिहून ठेवली. आपले मिस्त्री लिहीत नाहीत. मग त्यांच्या शेजारी बसून लिहायचं काम शिकलेल्यांचं आहे: कोणत्या गाडीला पातळी किती, जीभ किती वाकवायची, कोणता जेट. साध्या मराठीत, उस्तादाचं नाव घालून.