टक्सिडो, कमरबंद आणि महात्मा फुल्यांची घोंगडी

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकायला वेळ नाही, किंवा बसमध्ये नेट गंडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना मी मध्येमध्ये भरकटलो होतो, ते थोडं कापलंय. सगळं नाही कापलं.

आजचा विषय मी निवडलेला नाही. सूसमधून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. भावाचं लग्न आहे, गावाजवळच्याच एका लॉन्सवर. सकाळी लग्न, संध्याकाळी रिसेप्शन. रिसेप्शनला टक्सिडो घालायचा असं भावाने ठरवलंय, भाड्याच्या दुकानात मापही देऊन आलाय. आणि आजोबा म्हणतायत, "हा साहेबाचा पोशाख घालून स्टेजवर उभा राहणार असेल तर मी संध्याकाळी येत नाही, घरीच बसतो." श्रोत्याचा प्रश्न असा की आजोबा बरोबर आहेत का? हा खरंच फक्त साहेबाचा पोशाख आहे का?

सूस आता कागदोपत्री गाव राहिलेलं नाही. २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत आली, त्यात सूसही होतं. पाषाणकडून वर चढलात की एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला अजून शेतीच्या खुणा. म्हणजे आजोबांनी जिथे औत धरलं असेल तिथे नातू टक्सिडोत उभा राहणार. दोघांचीही बाजू समजते मला. म्हणून प्रश्न सोपा वाटला तरी उत्तर थोडं लांबून द्यावं लागेल. थेट १८६५ पासून.

इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचा राजा सातवा एडवर्ड. खाण्यापिण्याचा शौकीन माणूस. त्या काळी रात्रीच्या जेवणाला मागे लांब शेपट्या असलेला कोट घालायचा नियम होता. घरच्याच मंडळींत जेवतानासुद्धा! लंडनच्या सॅव्हिल रो रस्त्यावर हेन्री पूल नावाचं शिंप्याचं दुकान आहे, आजही आहे. त्यांच्या सांगण्यानुसार १८६५ मध्ये एडवर्डने त्यांच्याकडून एक आखूड निळा कोट शिवून घेतला, सॅन्ड्रिंगहॅमच्या घरी निवांत जेवायला बसता यावं म्हणून. आज आपण ज्याला सगळ्यात कडक, सगळ्यात फॉर्मल कपडे म्हणतो, ते जन्माला आले तेव्हा घरगुती होते. आपल्याकडे कोणी रिसेप्शनला ट्रॅकपँट घालून आला तर काकू जशा बघतील, तसं जुन्या पिढीने तेव्हा त्या आखूड कोटाकडे बघितलं असणार.

आता यात आपण कुठे येतो? ऐका. १८७५ मध्ये हाच एडवर्ड हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाला, 'सेरापिस' नावाच्या जहाजातून. तांबड्या समुद्रातून मुंबईकडे. तिथला उकाडा काय असतो विचारू नका. रोज रात्री शेपटीचा कोट कोण घालणार? मग जहाजावर जेवणाला आखूड गडद निळा कोट, काळी पँट आणि काळा बो चालेल, असं ठरलं. ८ नोव्हेंबर १८७५ ला तो मुंबईत उतरला, पुढे पुण्यालाही येऊन गेला. म्हणजे हा आखूड कोट रुळला त्याला आपल्याकडे येणाऱ्या वाटेवरच्या घामाचाही थोडा हातभार आहे.

'टक्सिडो' हे नाव मात्र अमेरिकेतलं. न्यूयॉर्कजवळ टक्सिडो पार्क म्हणून श्रीमंतांची वसाहत १८८६ मध्ये उभी राहिली. तिथल्या क्लबातल्या तरुणांनी हा आखूड कोट उचलला आणि गावाचं नाव कोटाला चिकटलं. पैठणीला पैठणचं चिकटलंय तसंच. इंग्लंडमध्ये अजूनही त्याला डिनर जॅकेटच म्हणतात.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. टक्सिडोवर पोटाला जो रुंद रेशमी पट्टा बांधतात, त्याला इंग्रजीत 'कमरबंड' म्हणतात. ओळखीचं वाटतंय ना? कमरबंद! फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द. इथल्या उन्हाळ्यात इंग्रज अधिकाऱ्यांना कोटाच्या आत जाकीट असह्य व्हायचं. त्यांनी इथले शिपाई, सरदार कंबरेला शेला बांधतात ते पाहिलं आणि जाकीट काढून तो बांधला. तो पट्टा इथून लंडनला गेला आणि तिथल्या दरबारी जेवणाच्या पोशाखात जाऊन बसला. तेव्हा आजोबांना पहिलं उत्तर हे द्या, की साहेबाने कंबरेला जे गुंडाळलंय ते आपलंच आहे.

पण एवढ्यावर आजोबांचा राग जाणार नाही, आणि जाऊही नये. कारण त्यांचा मुद्दा कापडाचा नाहीच. चांगले कपडे घातले की आत घेतात आणि साधे असले की दारावर अडवतात, हे त्या पिढीने बघितलंय. आणि याच गोष्टीवरून पुण्यात एकदा भर जेवणाच्या समारंभात जे झालं, ते आपल्या शाळेच्या पुस्तकात फार तर एका ओळीत येतं.

२ मार्च १८८८. त्या आखूड कोटवाल्या एडवर्डचा धाकटा भाऊ, ड्यूक ऑफ कॅनॉट, तेव्हा मुंबई इलाख्याच्या लष्कराचा प्रमुख म्हणून इकडे होता. त्याच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी पुण्यात मेजवानी दिली. चिपळूणकर हे जोतीराव फुल्यांचे स्नेही, त्यामुळे जोतीरावांनाही बोलावणं होतं. शहरातली बडी मंडळी आली होती. डोक्याला पगड्या, खांद्यावर शाली, अंगावर हिरेमाणकं. राणीचा मुलगा येणार म्हटल्यावर कपाटातलं सगळं बाहेर निघणारच.

आणि जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेषात. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी, डोक्याला साधं मुंडासं. बारीकसारीक तपशील वेगवेगळे सांगितले जातात, पण घोंगडी आणि मुंडासं सगळीकडे आहे. दारावर त्यांना अडवलं होतं, असंही सांगतात. चिपळूणकरांनी ओळखलं म्हणून आत आले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जोतीरावांकडे चांगले कपडे नव्हते असं अजिबात नाही. ते बांधकामाचे मोठे कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशीही त्यांचा संबंध होता. पुणे नगरपालिकेचे सदस्य राहिले होते. रोजच्या वापरात त्यांचा नीटनेटका अंगरखा आणि पागोटं असायचं. म्हणजे त्या संध्याकाळी त्यांनी काय घालायचं ते ठरवून घातलं. आपण आरशासमोर जितका विचार करतो, त्याच्या दहापट विचार करून.

ते उठून बोलले. मुद्दा सरळ होता. इथे हिरे घालून बसलेल्यांकडे बघून राणीची प्रजा सुखात आहे असं समजू नका. खरी प्रजा खेड्यात आहे, तिच्या अंगावर धड कापड नाही, पोटाला अन्न नाही. आईसाहेबांना जाऊन सांगा की या लोकांसाठी शिक्षणाची सोय करा. पाच वर्षांपूर्वी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला होता, त्यात हेच सांगितलं होतं. पण पुस्तक न वाचणाऱ्या माणसापुढे तेच म्हणणं अंगावर घालून उभं राहिलं की नजर वळवता येत नाही. या मेजवानीनंतर दोनेक महिन्यांनी, मे १८८८ मध्ये, मुंबईच्या सभेत त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली गेली.

मला विचाराल तर महाराष्ट्राच्या इतिहासात ड्रेस कोड तोडल्याचं याहून मोठं उदाहरण नाही. १९३१ मध्ये गांधीजी बकिंगहॅम राजवाड्यात पंचा आणि शाल घालून गेले, ते जगभर गाजलं. राजाच्या अंगावर आम्हा दोघांना पुरतील एवढे कपडे होते, अशा अर्थाचं त्यांचं उत्तरही गाजलं. पण जोतीराव त्याच्या त्रेचाळीस वर्षं आधी, त्याच राजघराण्यातल्या माणसापुढे, आपल्या पुण्यात हे करून गेले होते.

मग सूट घालणं चुकीचं का? थांबा. त्याच १९३१ च्या गोलमेज परिषदेला लंडनमध्ये आणखी एक माणूस होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सुटात.

आणि तो सूट म्हणजे साहेबाची नक्कल होती असं कोणी म्हणत असेल, तर त्याने आधी महाडला जावं. डिसेंबर १९२७, सत्याग्रहाची परिषद. तिथे बाबासाहेब जमलेल्या स्त्रियांशी वेगळं बोलले. लुगडं कसं नेसायचं, कुठपर्यंत, कोणते दागिने टाकून द्यायचे, इतकं बारीक सांगितलं. का? कारण जातीच्या नियमात अंगावरचं कापडही ठरवून दिलेलं होतं. लुगडं किती वर असावं, हातातला दागिना कशाचा असावा, यावरून लांबूनच जात कळावी अशी सोय होती. ती खूण पुसून टाका, असं त्यांचं म्हणणं. आणि बायकांनी तिथल्या तिथे नेसण बदलली.

आता गावागावातला निळ्या सुटातला पुतळा आठवा. ज्या समाजाला स्वच्छ, नवं कापड घालायलाही मज्जाव होता, त्याच्या डोळ्यांना तो कोट काय सांगत असेल? जोतीरावांनी मेजवानीत कपडे उतरवले आणि बाबासाहेबांनी चढवले. दोघांचं भांडण एकाच दारवानाशी होतं.

तो दारवान अजून रिटायर झालेला नाही बरं का. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन अनवाणी फिरायचे. १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबने त्यांना पायात काही नाही म्हणून आत घेतलं नाही. देश स्वतंत्र होऊन चाळीस वर्षं झाली होती.

आणि सूसवाल्यांना अगदी जवळचं उदाहरण हवं असेल तर पाषाणमार्गे विद्यापीठात जा. आजची मुख्य इमारत म्हणजे गव्हर्नरचा गणेशखिंडीतला बंगला. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांचा सोहळा तिथेच झाला, आणि तिथून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्टवर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्यावर वेगळा एपिसोड करू. मला सांगायचंय ते २०१९ चं. त्या जानेवारीत विद्यापीठाने पदवीदान समारंभातला इंग्रजी झगा बंद केला आणि कुर्ता, उपरणं आणि पुणेरी पगडी आणली. साहेब गेला, सगळे खूश, असं वाटलं असेल. पण विद्यार्थ्यांनी विचारलं, विद्यापीठाला नाव सावित्रीबाईंचं आणि डोक्यावर पगडी पेशवाईतली, ती का? फुले पगडी का नाही? काही जण फुले पगडी घालूनच समारंभाला गेले, घोषणा झाल्या. म्हणजे परदेशी कपडा काढून देशी घातला तरी 'देशी कोणाचं?' हा प्रश्न उरतोच. आजोबांनी फेट्याचा आग्रह धरताना हेही ध्यानात ठेवावं, अशी माझी नम्र विनंती.

बरं, आता भावाच्या मापाचं बोलू, नाहीतर तो म्हणेल इतिहास ऐकवला आणि पँट ढगळच राहिली.

टक्सिडो हा संध्याकाळचा कपडा. जुना नियम सहा वाजल्यानंतरचा. सकाळच्या लग्नात अजिबात नको, तिथे फेटाच. लग्न गोरज मुहूर्तावर असतं तर पंचाईत झाली असती, पण तुमचं सकाळचं आहे, सुटलात. साध्या काळ्या सुटात आणि यात फरक काय? कॉलरच्या पुढच्या पट्टीवर रेशमी किंवा साटीनचं कापड असतं, आणि पँटच्या बाजूने त्याच कापडाची एक पट्टी खाली उतरते. पँटला बेल्टचे लूप नसतात. म्हणून बेल्ट लावू नका. भाड्याच्या दुकानात सर्रास लावून देतात आणि फोटोत तोच दिसतो.

भाड्याने घेताना खांदे बघा. बाकी सगळं शिंपी आत-बाहेर करून देतो, खांदा नाही. बाही अशी हवी की शर्टचा कफ जरासा बाहेर दिसेल. रंग काळा नाहीतर अगदी गडद निळा. दिव्यांच्या उजेडात तो निळा काळ्यापेक्षा जास्त काळा दिसतो, ही जुन्या शिंप्यांची चलाखी. आणि मे महिन्यात उघड्या लॉन्सवर असाल तर पांढरा कोट घ्या, खाली काळी पँट. उष्ण मुलुखात तो पूर्वीपासून चालत आलाय, कोणी नावं ठेवणार नाही. बो शक्यतो स्वतः बांधायचा, क्लिपवाला नको. थोडा वाकडा झाला तरी चालतो. मी पहिल्यांदा बांधला तेव्हा पाऊण तास गेला आणि शेवटी शेजारच्या काकांनी बुटाची लेस समजून बांधून दिला. गाठ खरंच तीच आहे!

राहिले आजोबा. त्यांना इतिहासाचं लेक्चर देऊ नका, ते माझ्याकडून झालंय. दुकानातून कमरबंद घरी आणलात की तो त्यांच्या हातात द्या आणि भावाच्या कंबरेला त्यांनाच बांधायला सांगा. शेला कसा आवळायचा हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असेल. फक्त घड्यांची तोंडं वरच्या बाजूला येतील एवढं बघा. बहुतेक जण उलटा बांधतात.